खोकली, एक मूठ

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर पहिलंच नाव होतं ‘कुप्पैमेनी’ आणि त्यापुढे ‘एक मूठ’. मला दोन्ही कळलं नाही. कुप्पैमेनी म्हणजे काय, आणि मूठ कुणाची?

त्याआधीचं सांगते. पादऱ्याच्या रस्त्याला सासऱ्यांनी घेतलेली थोडी जमीन आहे. ती भागियो बघतो. बटईने शेती करणाऱ्याला इकडे भागियो म्हणतात. त्याच्याकडे आमच्या दोन गीर गाई आहेत. दूध त्याचं, दवापाणी आमचं, असा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा तोंडी करार. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोदं पाण्यात होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं जोतं उंच, म्हणून पाणी तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. शेतावर पूर आला नाही, पण पाऊस असा लागून राहिला की गोठ्यात घोट्याएवढा चिखल आणि गाई रात्रंदिवस त्यातच उभ्या. पाणी ओसरलं, कुणाच्या सोसायटीत मगर निघाली त्याचे व्हिडिओ फिरायचे थांबले, घराघरांत गणपतीची तयारी सुरू झाली, आणि भागियाच्या बायकोचा फोन आला, “बेन, जमना लंगडाय छे.”

जमना म्हणजे आमची थोरली गाय. मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. दोन खुरांच्या बेचक्यात जखम, आणि जवळ गेलं की वास. सासूबाईंना फोनवर फोटो पाठवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “आसडी पडलीय. आज डॉक्टर बोलाव, उद्यावर टाकू नकोस.” जखमेत अळ्या पडल्या की त्या आसडीच म्हणतात.

सरकारी पशुदवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आधी पाय बघितलाच नाही. जमनाचं तोंड उघडलं, जीभ बाहेर ओढून वरखाली पाहिली, हिरड्या दाबल्या, ताप घेतला. मग दुसऱ्या गाईचंही तोंड पाहिलं. शेजारच्या म्हशींबद्दल विचारलं. मला वाटलं, पाय दुखतोय आणि हे दातांचे डॉक्टर. नंतर कळलं, ते लाळ्या-खुरकुताची शंका काढून टाकत होते. तो असता तर तोंडात फोड, लाळेच्या तारा, ताप, आणि बहुतेक एकापेक्षा जास्त पाय. तो साथीचा रोग, त्यात घरगुती तेलं करत बसणं म्हणजे शेजारच्या चार गोठ्यांना प्रसाद वाटणं. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर घालून त्यांनी लसीची नोंदही बघितली. लस झालेली होती. जखम साधी होती, म्हणजे चिखलाने भिजून फाटलेली आणि माशीने घाण केलेली.

मग टर्पेंटाइनचा बोळा धरून, चिमट्याने एकेक अळी. भागियाचा मुलगा मोजत होता. चौतीसपर्यंत मोजून त्याला मळमळायला लागलं. जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि इंजेक्शनचं दूध किती दिवस काढून टाकायचं ते भागियाला दोनदा सांगितलं, कारण दूध टाकायचं म्हटलं की माणसाचा कान लगेच बहिरा होतो. जाताना हा कागद दिला. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने, म्हणजे आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आणंदच्या एनडीडीबीने, गाईगुरांच्या नेहमीच्या दुखण्यांवर झाडपाल्याचे ठरावीक प्रमाणातले उपाय प्रसिद्ध केले आहेत. त्यातलाच एक, खुराच्या आणि इतर जखमांसाठीचा. डॉक्टर म्हणाले, “रोज पट्टी बदलायला मी येऊ शकणार नाही. हे तेल करा, चांगलं आहे. पण पाला उकळायच्या आधी मला दाखवा.”

कागदावर असं होतं. कुप्पैमेनीची पानं एक मूठ, कडुनिंबाची एक मूठ, मेंदीची एक मूठ, तुळशीची एक मूठ, लसणाच्या दहा पाकळ्या, हळद २० ग्रॅम, तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल ५०० मिली. वाटायचं, तेलात उकळायचं, गार करून लावायचं.

कडुनिंब, तुळस, मेंदी कुणालाही सापडेल. मेंदीबद्दल एवढंच सांगते की शेजारणीने मला अत्यंत प्रेमाने मेंदीचा कोन आणून दिला होता. ‘मेंदी ती मेंदीच’. बाजारातल्या काळ्या मेंदीत रंग चढवायला जी रसायनं असतात त्यांनी माणसाच्या कातडीवर फोड येतात, उघड्या जखमेत ती घालायचा विचारही नको. कोन तिला तिच्या भाचीच्या साखरपुड्यासाठी परत दिला.

अडलं ते पहिल्या नावाशी. कुप्पैमेनी हा तमिळ शब्द निघाला. हे उपाय मुळात तमिळनाडूकडून आलेले, तेव्हा नावही तसंच प्रवास करत आलं. मोबाईलवर फोटो काढून सासूबाईंपुढे धरला. “अगं, ही तर खोकली! आपल्या मोरीमागे हीच तर आहे. तुझ्या नवऱ्याचा कफ हिच्याच रसाने पाडलाय मी.” खोकल्यावरची म्हणून खोकली. तिला कुप्पीही म्हणतात, काही जण खाजोटी म्हणतात, जरी हिला हात लावून खाज सुटत नाही. खाज सुटते ती खाजकोलती, ती वेगळी. नावांच्या या गोंधळात माणूस सहज चुकीचं झाड उपटून आणतो. मी आणलंच.

पहिल्या खेपेला शेताच्या बांधावरून पिशवीभर पाला आणला. मला वाटलं आता निम्मं काम झालं. डॉक्टरांकडे न्यायच्या आधी सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात काम करणाऱ्या मैत्रिणीकडे थांबले. तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उपडी केली आणि भाजी निवडावी तसे चार ढीग केले. सगळ्यात मोठा ढीग माठाचा. कोवळा रानमाठ आणि कोवळी खोकली लांबून सख्ख्या बहिणी दिसतात. दुसरा ढीग दुधीचा, भाजीचा दुधी नव्हे, ती जमिनीलगतची, मोडली की पांढरा चीक येणारी. तिसऱ्यात गाजरगवताची दोन कोवळी रोपं. “हे तू गाईच्या जखमेत घालणार होतीस?” तिने विचारलं. गाजरगवताने कातडीवर काय होतं ते इकडच्या शेतमजुरांच्या कोपरावर बघायला मिळतं. चौथा ढीग, सगळ्यात छोटा, खोकलीचा.

मग तिने एक काडी माझ्या हातात दिली आणि भिंगातून बघायला लावलं. पानाला लांब देठ, जवळजवळ पानाएवढाच. कडा करवतीसारखी दातेरी. माठाची कडा साधी असते, पहिली खूण हीच. झाड वरून बघितलं तर पानं एकमेकांवर सावली पडू न देता फरशीसारखी मांडलेली दिसतात. पण खरी खूण पानाच्या बगलेत. तिथून एक बारीक तुरा निघतो आणि त्याच्यावर खालून वर हिरव्या, झालरीच्या वाट्या लागलेल्या असतात, बाहुलीच्या भातुकलीतल्या वाट्यांसारख्या. मादीफुलं या वाट्यांत. नरफुलं वर, दिसतील न दिसतील एवढी. ही एरंडाच्या कुळातली, पण मोडली तरी पांढरा चीक नाही. “वाटी दिसली नाही तर खोकली नाही. वाटी यायच्या आधीचं रोप तोडू नकोस, थांब आठ दिवस,” मैत्रीण म्हणाली. मला हे फार आवडलं. माझ्यासारखीलाही जमण्यासारखं होतं ते.

आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. रस्त्याकडेला खोकली रगड होती, पण त्या रस्त्यांवरून आठवड्यापूर्वी गटाराचं पाणी वाहिलेलं. पुरानंतरचा पाला कितीही टवटवीत दिसला तरी जखमेसाठी नकोच. शेताच्या बांधावरची घ्यावी तर शेजारच्याने कपाशीच्या कडेने तणनाशक मारलेलं. हे मी विचारलं म्हणून कळलं, पाला अजून हिरवाच होता. शेवटी सासूबाईंची मोरीमागची खोकलीच खरी ठरली. मागच्या चौकात, जुन्या विटांच्या भिंतीच्या बुडाशी, पाणी न पोचलेल्या जागी डझनभर रोपं, सगळ्यांना वाट्या.

इथे माझी चूक झाली. पानं खुडायची सोडून मी घाईघाईत रोपं मुळासकट उपटली, पानं ओरबाडून टोपलीत टाकली आणि मुळं-काड्या केरभरणीत. आत जाऊन पाला धुवायला लागले. पाच मिनिटांनी चौकातून असा आवाज आला की कुणी रडतंय की गातंय कळेना. बाहेर येऊन बघते तर आमची रंगी, सहा वर्षांची, एरवी पाहुणा आला तरी डोळा न उघडणारी मांजर, केरभरणी पालथी करून त्यात लोळत होती. तोंडात एक मूळ. हनुवटीवरून लाळ गळतेय, डोळे मोठे, गाल फरशीवर घासतेय, मध्येच उताणी होऊन मागच्या पायांनी ते मूळ तुडवतेय. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आणि आमचा बोका? शेजारीच बसून पंजा चाटत होता. त्याला त्या सगळ्याचं काहीच नव्हतं.

मला वाटलं विषबाधा. मी तिला उचलायला गेले तर तिने पहिल्यांदाच मला ओरखडलं. सासूबाई ओट्यावरून शांतपणे म्हणाल्या, “मांजरं हिच्या मुळांना भुलतात, माहीत नव्हतं तुला?” आई, हे आधी सांगायचं होतंत! त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक तू मुळं काढणार आहेस. कागदावर पानं लिहिलीत ना?”

कागदावर पानंच लिहिली होती.

मी मुळं गोळा करून झाकणाच्या डब्यात टाकली आणि मांजरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, गिळलं का? किती? उलटी, धाप, पाय लटपटणं? यातलं काही नव्हतं. नुसता वास घेऊन आणि चावून मांजर काही वेळ अशी वेडी होते, पण ही वनस्पती खायला घालण्यातली नाही, तेव्हा सगळं उचला आणि संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, असं म्हणाले. अर्ध्या तासात रंगी दमून झोपली. नंतर मैत्रिणीने सांगितलं की हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर रानटी झालेल्या मांजरांना पकडायला आमिष म्हणून याच खोकलीची मुळं वापरून बघितली होती, आणि २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यातली मांजरांना ओढणारी द्रव्यं शोधून काढली. परदेशात मांजरांच्या खेळण्यांत भरतात त्या कॅटनिपमधल्या द्रव्याची ती नातलगच. आमच्या मोरीमागे!

इथवर विनोद होता. पुढचं नव्हे.

वरच्या मजल्यावर जाऊबाई राहतात. त्यांच्या मुलाने वाढदिवसाला ससा मिळवलेला, पांढरा, नाव कापूस. चिरंजीव खाली आले, टोपलीतला पाला बघितला, “काकू, हे औषधी आहे ना?” असं विचारलं, मी कामाच्या तंद्रीत “हो” म्हटलं. आणि तो मूठभर पानं घेऊन वर निघाला. मला कळलं ते जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजल्या तेव्हा. मी ओल्या हातांनी धावले. कापसाच्या पिंजऱ्याचं दार उघडलेलं होतं.

सशासाठी खोकली विषारी. त्यात अ‍ॅकॅलिफिन नावाचं, सायनाइड सुटू शकेल असं द्रव्य असतं. सशाच्या पोटात गेलं तर पोटाचा दाह होतो आणि रक्त चॉकलेटी तपकिरी पडतं. मैत्रिणीने ढीग निवडताना हे सहज बोलून दाखवलं होतं, मी तेव्हा ‘आपल्याला काय, आपली गाय आहे’ म्हणून अर्ध्या कानाने ऐकलेलं. मुलाच्या हातून पानं घेतली, ती मोजता आली असती तर मोजली असती. त्याला विचारलं, “एकही दिलं नाहीस ना?” त्याने मान हलवली. जाऊबाई दिवसभर माझ्याशी जरा तुटक होत्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

त्या रात्री सासूबाईंच्या खोकल्याच्या रसाचाही विषय निघाला. श्रीलंकेत खोकलीच्या पानांचं कढण करून खातात आणि ज्यांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं अशा लोकांच्या तांबड्या पेशी ते खाल्ल्यावर फुटल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. आपल्यात ते कमी आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला काही झालं नाही.” मी म्हटलं, “झालं नाही हे बरंच झालं, पण नातवंडांना नका देऊ.” त्यांनी उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर रसाचं नाव काढलेलं नाही.

पाला डॉक्टरांना दाखवला, त्यांनी वाट्या बघून मान डोलावली. आता मूठ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी मूठ अठरा ग्रॅम भरली, भागियाची एकतीस. डॉक्टरांना फोन केला. ते हसले. “बेन, पाला थोडा इकडेतिकडे चालेल. तेल आणि हळद मापून घ्या, आणि पाणी राहू देऊ नका, एवढंच.”

पाणी राहू देऊ नका, यात सगळं तेल आहे असं मला ते करताना समजलं. पानं तीन पाण्यांतून धुतली, जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली सुकवली, वाळवली नाहीत, नुसतं अंगावरचं पाणी जाईपर्यंत. मिक्सर बाटवायचा नाही असा आदेश असल्यामुळे पाटा काढला. खोकली वाटताना वास येतो तो काकडीच्या सालीसारखा, कच्चा; त्यात लसूण आणि कडुनिंब आले की कुठलाच वास वेगळा राहत नाही. लोखंडी कढईत अर्धा लिटर तिळाचं तेल, मंद आच, त्यात हळदीसकट तो लगदा. आधी फेस येतो, हिरवा, फुगणारा, अगदी काठापर्यंत. म्हणून कढई मोठी घ्या, मी घेतली नव्हती, गॅसवर सांडलं. मग तडतड सुरू होते. ती पाण्याची. पळीने बुडाशी ढवळत राहायचं. चाळीस मिनिटांनी तडतड विरळ झाली, फेस बसला, लगदा मऊ चिखलासारखा होता तो रव्यासारखा खरखरीत झाला, पळीला चिकटेना. तेव्हा गॅस बंद. “कोणी कडुनिंबाची भजी तळतंय का?” असं हे बाहेरच्या खोलीतून विचारत होते. गार झाल्यावर मलमलीतून गाळलं. पिवळट हिरवं, दाट तेल, कोरड्या काचेच्या बरणीत.

बरणीवर मी चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘गाईच्या खुरासाठी. बाहेरून. मांजर-कुत्रा-ससा नको.’ ह्यांनी वाचून विचारलं, “माणसाचं काय?” ते लिहायचं राहिलं होतं, लिहिलं.

शेतावर गेल्यावर लगेच जखमेत ओतलं नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मांडीच्या आतल्या बाजूला, केस विरळ असतात तिथे, रुपयाएवढ्या जागेवर थेंबभर चोळलं आणि चोवीस तास सोडलं. दुसऱ्या दिवशी तिथे नुसता हळदीचा डाग. सूज नाही, लाली नाही, जमनाने ती जागा चाटून काढलेलीही नाही.

पट्टीचं काम दोघांचं. भागियाच्या बायकोने मोरखी धरून जमनाच्या कपाळावर हात ठेवला, तिच्याशी बोलत राहिली. मी आणि भागियो मागे. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोनच दाणे, पाणी फिकट गुलाबी दिसेल एवढे. जांभळं झालं तर फेकून परत करायचं, ते जास्त झालं तर कातडी भाजते. धुवायचं, टिपायचं, कोरडं झाल्याशिवाय तेल नाही. मग तेलात भिजवलेली गॉझची घडी बेचक्यात सरकवायची आणि वरून पट्टी. पहिल्या दिवशी बेचक्याच्या आत बोटाचं पेर जाईल एवढा खड्डा होता, कडा पांढुरक्या, भिजून सुरकुतलेल्या. मध्ये पिवळा थर. मी तो खरवडायला गेले तर भागियो म्हणाला, “रहेवा दो बेन, डॉक्टर करशे.” बरोबर होता तो.

कागदाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. अळ्या असतील तर पहिल्या दिवशी सीताफळाच्या पानांचा लगदा किंवा कापूर घातलेलं खोबरेल. आमच्या अळ्या डॉक्टरांनी काढलेल्या, म्हणून त्याची गरज नव्हती. पण भागियाच्या डोक्यात ते बसलं होतं आणि त्याच्या मते पानांपेक्षा बियांत जोर जास्त. त्याने बिया वाळवून ठेवल्याही होत्या. जोर आहे, हे खरं. त्या पुडीचा कण डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते इतका जोर आहे. गाय शेपटी मारणार, पुडी उडणार, आणि खाली वाकलेले आम्ही दोघं. बिया चुलीत गेल्या.

तिसऱ्या दिवसापासून वास गेला. चौथ्या दिवशी कडा गुलाबी दिसायला लागल्या आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पाचव्या दिवशी खुराच्या वर, घोट्याकडे, सूज. पाय परत उचललेला. तेल थांबवून डॉक्टरांना बोलावलं. वाढलेल्या नखाच्या खाली एका कोपऱ्यात पू साठला होता. तिथे तेल पोचणं शक्यच नव्हतं. त्यांनी खूर तासलं, पू काढला, परत इंजेक्शन. आणि मग गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “औषध राहू द्या, आधी ही जमीन कोरडी करा.” ते पहिल्या दिवशीही म्हणाले होते. आम्ही तेलाच्या नादात ते मागे टाकलेलं. भागियाने त्या दिवशी विटांचे रोडे आणि मुरूम टाकून गोठ्याचा मागचा निम्मा भाग उंच केला, वरून चुना भुरभुरला. नवव्या दिवशी जमना चारही पायांवर उभी होती. चौदाव्या दिवशी पट्टी सोडली.

आता हे कशाने बरं झालं? इंजेक्शनाने, खूर तासल्याने, मुरुमाने की तेलाने? मला विचाराल तर पहिला मान मुरुमाचा. तेलाने माशी दूर ठेवली, जखम मऊ आणि स्वच्छ ठेवली, आणि रोज कुणीतरी त्या पायाकडे नीट बघत होतं, हे तेलामुळेच झालं. भागियो मात्र आसपासच्या गावांत तेलाचीच कीर्ती सांगतो. इंजेक्शनचा उल्लेख त्याच्या हकिकतीत येत नाही.

ती कीर्ती आमच्या गल्लीपर्यंत पोचली. कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्र्याच्या कानामागे जखम झाली, त्यात अळ्या. समोरच्या घरातले काका वाटी घेऊन दारात. “थोडं ते गाईचं तेल दे गं.” बरणी निम्मी भरलेली होती. द्यायला मलाही आवडलं असतं. पण कुत्रा पंजाने कान घासतो आणि पंजा चाटतो, शेजारचा कुत्रा त्याचा कान चाटतो, आणि तेलात दहा पाकळ्या लसूण. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी फुटतात. अर्धा टन वजनाच्या गाईने खूर एकदोनदा चाटलं त्याची भीती वेगळी आणि बारा किलोच्या कुत्र्याची वेगळी. काकांना म्हटलं, हे नको, १९६२ला फोन करू या. त्या नंबरवर गुजरातेत करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्स येते. काका म्हणाले, “झाडपाल्याला काय होतंय?” आणि वाटी घेऊन गेले. अ‍ॅम्ब्युलन्स दुपारी आली, कुत्र्याला धरायला त्याच काकांनी मदत केली. माझ्याशी मात्र दसऱ्यापर्यंत बोलले नाहीत.

उरलेलं तेल दिवाळीच्या साफसफाईत निघालं. झाकण उघडलं तर खवट वास. बहुतेक थोडं पाणी राहिलंच होतं. जमिनीत खड्डा करून ओतलं, बरणी सोड्याने दोनदा धुतली तरी हळद गेली नाही, तिच्यात आता सुतळी ठेवते.

यंदा पहिला पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत मोरीमागे खोकली परत आली. वाट्या लागल्या की आठवड्यातून एकदा मी वरची पानं कात्रीने कापून सावलीत ठेवते, लागली तर असावीत म्हणून. चिरंजीवांना वाटी ओळखता येते, ते पाहुण्यांना भिंगातून दाखवतात, आणि कापसाला कोथिंबिरीशिवाय दुसरं काही देत नाहीत. मुळांना मी हात लावत नाही. रंगी रोज सकाळी तिथे येऊन बसते, माझ्या कात्रीकडे बघत.